सिस्टरांची सायकल आणि सात तबकड्या

आमच्या शेजारच्या साळवी सिस्टर प्लॅस्टिकच्या तबकड्या बर्फात ठेवतात.

वाक्य पुन्हा वाचू नका, बरोबरच वाचलंत. मी स्वतः आमच्या दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यावरून मान काढून पाहिलंय. सकाळी सातची वेळ. सिस्टर अंगणात उकिडव्या बसलेल्या, पुढ्यात मासेवाल्यांचा थर्माकोलचा खोका. खोक्यात बर्फाच्या पिशव्या, त्यांवर सुती फडकं आणि फडक्यावर सात रंगांच्या सात तबकड्या, नाश्त्याच्या ताटलीएवढ्या.

"सिस्टर, हे काय?"

"शीतसाखळी," मान वर न करता सिस्टर म्हणाल्या. "तुटता कामा नये."

सिस्टरांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. त्याआधीची सगळी हयात रत्नागिरीच्या आसपासच्या वाड्यांमधून लशी टोचण्यात गेली. त्यांचं वाहन सायकल. आता आमच्याकडे सायकल चालवायची म्हणजे काय, तर उतारावर माणूस सायकलवर आणि चढावर सायकल माणसावर. पण सिस्टर कधी थकल्या नाहीत आणि कुणाला सुटूही दिलं नाही. पोरं माळ्यावर लपायची, काजूच्या झाडावर चढायची. सिस्टर झाडाखाली उभ्या राहून सांगायच्या, "मला घाई नाही हो." आज पस्तिशीतले, टक्कल पडू लागलेले बागायतदारसुद्धा सिस्टर रस्त्यात दिसल्या की नकळत दंड चोळतात.

तर दीड वर्षापूर्वी या सिस्टरांचा खांदा आखडला. उजवा, टोचायचाच. फिजिओथेरपीवाला तरुण पोरगा होता. तो हात वर करायला सांगायचा आणि सिस्टर त्यालाच हात कसा धरावा ते शिकवायच्या. पंधरा दिवसांनी बिचारा टेकीला आला. त्यानं आपल्या पिशवीतून एक तबकडी काढलीन, सिस्टरांच्या हातात दिलीन आणि म्हणाला, "काही बोलू नका. नुसती ही फेका."

त्या खेळाला डिस्क गोल्फ म्हणतात. लांबवर एक टोपली उभी करायची, तिच्यावर साखळ्या टांगायच्या. तबकडी साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली की जिंकलं. कमीत कमी फेकींत टाकेल तो शहाणा. कॉलेजात असताना तो पोरगा हे खेळायचा. सिस्टरांचा खांदा महिन्याभरात सुटला. सिस्टर मात्र अडकल्या.

पुढे त्याला पुण्यात नोकरी लागली. जाताना आपल्या सात तबकड्या त्यानं सिस्टरांना दिल्या आणि एकच सूचना केलीन, "उन्हात ठेवू नका, वाकतात." झालं! ज्या बाईंनी सगळी नोकरी लशीचा डबा थंड ठेवण्यात घालवली, त्यांना असलं वाक्य ऐकवायचं? सरकारी डबा त्यांनी निवृत्तीच्या दिवशी सरकारला परत केला होता. सवय कुणाला परत करणार? त्यांनी मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरून खोका आणला, बर्फ आणला आणि सातही तबकड्यांची बारशी केली. धनुर्वात सरळ जातो. गोवर डावीकडे झुकते. पोलिओ हलकी, ती बायकामुलांना. आणि घटसर्प आधी उजवीकडे जातो, मग डावीकडे, मग कुठे जातो ते विचारू नका.

आता टोपली. सिस्टरांना खेळायचं होतं आमच्या वाडीमागच्या सड्यावर, त्या उंच माळावर. जागा फर्मास! मैलभर मोकळं, वाळलेलं गवत, टोकाला समुद्र. पण खांब कुठे पुरणार? वीतभर मातीखाली नुसता कातळ. पहार मारली तर पहार वाकते. दोन दिवस सिस्टर कातळाकडे बघत बसल्या. तिसऱ्या दिवशी गडग्याशी येऊन म्हणाल्या, "सुधीर, जमीन टोपली धरत नाही ना? मग सायकल धरील!"

आणि त्यांनी मला हसनचाचांच्या सायकलच्या दुकानात नेलं. साक्षीला म्हणून.

"पाठी खोका," सिस्टरांनी यादी वाचायला घेतली, "खोक्यापाठी दांडा, दांड्यावर टोपली, टोपलीवर साखळ्या. पुढे पाण्याचा कॅन. हँडलला छत्री."

चाचांनी चष्मा काढला. "सिस्टर, हिला सायकल म्हणतात. तुम्ही सांगताय ती हातगाडी झाली."

"होईल का नाही ते सांग."

"सायकल आहे जुनी, हो. हाडं मोडतील तिची."

"हसन, तुझ्या तिन्ही पोरांना मी टोचलंय. तिन्ही वेळा चक्कर कुणाला आली? सांगू गिऱ्हाइकांना?"

चाचांनी पाना उचलला.

पण गंमत बघा, कारागिराला एकदा नाद लागला की मालकापेक्षा तो वेडा होतो. कॅरियरला खालून दोन लोखंडी पट्ट्या मारल्या. दूधवाल्याच्या मोडीतल्या सायकलचा दुहेरी स्टँड बसवला. दांडा म्हणून सिस्टरांनी भंगारातून सलाईनचा स्टँड पैदा केला, त्याच्यावर कोंबड्या झाकायचं डालगं उलटं बांधलं आणि वर कड्याला जुन्या सायकलींच्या अकरा चेनी लोंबत सोडल्या. शेवटची करामत चाचांची. डालग्याच्या तळातून एक तार त्यांनी थेट हँडलच्या घंटीला जोडली. तबकडी डालग्यात पडली की घंटी आपोआप वाजायची. ट्रिंग!

"बघितलंस, हसननं काय केलंन!" सिस्टर दुकानातच टाळ्या वाजवायला लागल्या. रस्त्यावरची एक रिक्षा थांबली.

पहिली चाचणी आमच्या उतारावर झाली. तिची साग्रसंगीत हकीकत मला सांगायचीच आहे. सिस्टर नऊवारी चेहऱ्यानं पंजाबी ड्रेसात सायकलवर बसल्या, पाय उचलले आणि त्याच क्षणी समुद्रावरून वारा आला. डालग्यात वारा भरला. अहो, ते शीडच झालं! सायकल तिरकी निघाली. चेनी खणखणतायत, घंटी आपली आपण वाजतेय, छत्री उलटी झालेली आणि सिस्टर ओरडतायत, "घाबरू नका, घाबरू नका!" हे त्या आम्हाला सांगत होत्या का सायकलला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या पाठोपाठ शेपट्या वर करून चार मांजरं धावत होती. कारण खोका मूळचा सुरमईचा होता. सायकल एका गवताच्या उडवीत शिरली. सिस्टर गवतातून बाहेर आल्या, केस सारखे केले आणि म्हणाल्या, "ब्रेक उत्तम आहे."

मग मला शिकवणी सुरू झाली. मी आयुष्यात जिभेखेरीज काही चालवलेलं नाही. तबकडी हातात घेऊन मी ताठ उभा राहिलो. सिस्टर जवळ आल्या, माझा दंड दोन बोटांत धरला आणि त्याच जुन्या आवाजात म्हणाल्या, "हात सैल सोड. दुसरीकडे बघ. मुंगी चावेल एवढंच."

मी हात सैल सोडला, दुसरीकडे बघितलं आणि तबकडी गेली. ट्रिंग! माझा विश्वास बसेना. माझी बायको मृणाल गडग्यापलीकडून म्हणाली, "सिस्टर, चुकून झालं असेल. परत टाकायला लावा." परत टाकली ती वाडीच्या विहिरीत पडली. घटसर्प होता, पोहऱ्यानं काढावा लागला.

एवढं सगळं जुळल्यावर सिस्टरांनी रविवार ठरवला. "एकटीनं फेकत बसलं की त्याला व्यायाम म्हणतात," त्या म्हणाल्या. "मला खेळ पाहिजे. सात तबकड्या आहेत, सात माणसं पाहिजेत. निदान चार तरी येऊ देत रे."

आठवडाभर त्या घरोघर फिरल्या. तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्याकडे कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. "येतो की!" म्हणजे बघू. "बघू" म्हणजे नाही. आणि "नक्की येतो, सिस्टर" म्हणजे त्या दिवशी माणूस गावातच नसतो. सिस्टरांना सातही घरांतून "नक्की येतो" मिळालं. त्या इतक्या खुशीत होत्या की मला त्याचं भाषांतर करून सांगवेना.

रविवारी आठ वाजता सड्यावर सिस्टर, मी आणि मृणाल. सायकल स्टँडवर उभी, कॅनमध्ये कोकम सरबत. सिस्टरांनी खोका उघडला. प्रत्येक तबकडीच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी आणि पट्टीवर नाव. आंबेवाल्या राजूच्या पट्टीवर बोट ठेवून मृणालनं विचारलं, "राजूला हलकी का?"

"सातवीत खांदा निखळला होता त्याचा. जोर नाही द्यायचा." सिस्टर एकेक तबकडी पुसत होत्या. "वकिलांना ही. डाव्या डोळ्यानं कमी दिसतं त्यांना, ते सांगत नाहीत कुणाला. गोदाकाकूंना रुंद काठाची, बोटं वळत नाहीत त्यांची."

साडेआठ झाले. नऊ झाले. राजूचा फोन आला, मोहोर आलाय, फवारणी काढलीय. वकिलांकडे मुंबईची माणसं आली होती. बाकीच्यांचे फोनही आले नाहीत. साडेनऊला सिस्टर कातळावर बसल्या. मी दोन विनोद करून पाहिले. दोन्ही वाऱ्यानं नेले.

मग सिस्टर एकदम उठल्या. खोक्याचं झाकण लावलं, स्टँड काढला.

"चल."

"घरी?"

"घरी कशाला? बूथवर माणसं आली नाहीत तर बूथ उचलायचा. हा काय कातळात पुरलाय?"

आणि वरात निघाली. पहिली थांबली राजूच्या बागेत. अंगणात सायकल उभी केली, घंटी वाजवली. राजू फवारणीच्या पंपासकट बाहेर आला, सिस्टरांना बघून आधी दंड चोळला.

"सिस्टर, मी खरंच येणार होतो..."

"मी कुठे काय म्हटलं? हात सैल सोड. दुसरीकडे बघ."

राजूनं पडवीतूनच टाकली. एक, दोन, तिसरीला ट्रिंग! तो पंप टाकून नाचला. वकील बाहेर आले ते बनियनवर. त्यांच्या मुंबईच्या पाहुण्यांनी अंगणात रांगच लावली आणि वकिलांनी रांगेतल्या पुढच्या मेव्हण्याशी वाद घातला. सिस्टरांनी वकिलांना हळूच दोन पावलं डावीकडे सरकवलं, आणि त्यांचीही पडली. पुढच्या घरी आम्ही पोचायच्या आधीच माणसं पायरीवर येऊन बसली होती. गोदाकाकू खुर्चीतून उठल्याच नाहीत. बसल्या बसल्या पहिल्या झटक्यात टाकलीनी आणि म्हणाल्या, "एवढंच? मेल्यांनो, एवढ्यासाठी तुम्ही सड्यावर जात होता?" पाठीमागे मांजरं होती, मांजरांच्या पाठी माणसं. सातही घरं झाली. सातही घरांत ट्रिंग झालं! अंगणाअंगणांतून लोक ओरडून एकमेकांना आपापल्या फेकी सांगत होते.

बाराच्या सुमारास आम्ही सिस्टरांना घरी सोडायला आलो. त्यांनी अंगणात सायकल लावली, कुलूप काढलं आणि उंबऱ्यावर थांबल्या.

"एक घर राहिलं."

"कुठलं हो?" मी म्हटलं. "सात झाली की."

"हे." सिस्टर दाराकडे बघत म्हणाल्या. "मी आत जाते. तू घंटी वाजव."

त्या आत गेल्या. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

सिस्टर एकट्या राहतात आणि चौदा वर्षं आम्ही त्यांचे शेजारी. आमटीची वाटी, वर्तमानपत्र, गप्पा, सगळं गडग्यावरून. त्या दारासमोर मी आयुष्यात पहिल्यांदा उभा होतो. मी घंटी वाजवली.

"कोण आहे?" आतून आवाज आला. आवाज सिस्टरांचाच, पण तो नर्सबाईंचा आवाज नव्हता.

मृणाल म्हणाली, "आम्ही आहोत, सिस्टर. आम्ही आलोय."

कडी निघाली. सिस्टर दारात उभ्या होत्या, पदराची सवय असल्यासारखी ओढणी सारखी करत.

"या, या," त्या म्हणाल्या. "किती उशीर केलात रे!"