पाळणा रिव्हर्स गिअरमध्ये

आमच्या लेकीच्या नामकरणाला भाड्याचा ऑर्केस्ट्रा येणार नाही, पाळण्याचं संगीत तिची आई स्वतः करणार, अशी घोषणा मी सासरच्या मंडळींसमोर छाती पुढे काढून केली. त्या छातीवर लेकीने नुकतंच दूध ओकलं होतं, पण आत्मविश्वास कोरडा ठणठणीत होता!

माझं संगीत म्हणजे काय, ते सांगते. लहानपणी विक्रोळीच्या चाळीत मी आणि माझा धाकटा भाऊ दिपेश टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम खेळायचो. कॅसेटला फुंकर मारली की तो चालायचा आणि त्याच्या पोटातली चिप जी पिपाणी वाजवायची, ती मला अजूनही सनईपेक्षा गोड वाटते. त्या चिपची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर आता लॅपटॉपवर चालतं. नियम जुनेच, एका वेळी तीनच सूर आणि तालाला एक खरखर. चौथा सूर घुसवायचा तर आधीच्यातला एक गप्प करावा लागतो. अगदी आमच्या घरासारखं.

अडचण होती वेळेची. दुपारी सासूबाई नातीला मांडीवर घ्यायच्या, तेवढाच एक तास माझा. "त्या टूंटूंपायी लेकरू माझ्या गळ्यात टाकतेस," असं त्या रोज ऐकवायच्या. शेवटी तह झाला. पाळणा लोकांना आवडला तर तास चालू. हसं झालं तर लॅपटॉप माळ्यावर, आणि दुपारी मी गपगुमान बाळाशेजारी झोपायचं. (सासू झोपायला लावतेय, ही शिक्षा ऐकून माझी एकही मैत्रीण हळहळली नाही.)

मी जीव ओतला. लेक एका हातावर दूध पितेय, दुसऱ्या हाताने मी सूर मांडतेय! त्या गेममधली माझी सगळ्यात लाडकी धून आठवून आठवून पाळणा बांधला. ऐकताना फार गोड वाटायचं. आणि का कोण जाणे, थोडी भीतीही वाटायची.

कार्यक्रम नाहूरला, आमच्याच इमारतीखालच्या पार्किंगमध्ये. गाड्या बाहेर काढल्या, खुर्च्या मांडल्या. स्पीकर पाहुण्यांच्या मागे, गेटपाशी ठेवला, कारण प्लग तिथेच होता. वंदना झाली, पंचशील झालं. माझी नणंद सपना नाव सांगायला बाळाच्या कानाशी वाकली. मी दिपेशला खूण केली, त्याने पाळणा लावला.

टुंई टुंई टुंई, टुटुंई टुंई!

मागची अख्खी रांग खुर्च्यांसकट उठली. "गाडी आली, गाडी, सरका!" मावश्या पदर सावरत भिंतीला पालीसारख्या चिकटल्या. कुणीतरी आधी खिरीचं पातेलं वाचवलं. माझ्या नवऱ्याने, प्रितमने, बाळासकट पाळणा उचलून खांबामागे नेला. सपनाने भाचीच्या कानात जगातला पहिला शब्द सांगितला तो "बाजूला हो!" आणि वॉचमन खंडू शिट्टी फुंकत धावत आला नि न दिसणाऱ्या गाडीला हात करू लागला, "येऊ द्या, येऊ द्या... लेफ्ट मारा..."

गाडी काही येईना. पाळणा मात्र इमानाने वाजत राहिला. हळूहळू सगळ्यांच्या माना स्पीकरकडे वळल्या आणि तिथून माझ्याकडे. सासूबाईंनी फक्त वर पाहिलं. आमचा माळा त्याच दिशेला आहे.

"ताई," दिपेश कुजबुजला, "ही धून गेममध्ये नव्हतीच."

"गप रे. तोंडपाठ आहे मला."

"अगं, ही बाबांच्या टेम्पोची. रिव्हर्सची."

तेव्हा त्या भीतीचा पत्ता लागला. परीक्षेच्या दिवसांत घरात गेमवर बंदी असायची. गल्लीत बाबांच्या टेम्पोचा रिव्हर्स वाजू लागला की दिपेश वायरी उपटायचा आणि मी तापलेल्या टीव्हीला भूगोलाच्या पुस्तकाने वारा घालायचे. दोन आवाज रोज एकत्र ऐकून डोक्यात एकमेकांना चिकटून बसले होते.

मी बाबांकडे पाहिलं. एवढ्या पळापळीत ते एकटेच खुर्चीत होते. टेम्पो विकल्यापासून ते फारसं बोलत नाहीत. आता डावा हात शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर, मान मागे वळलेली आणि उजवा हात हवेतलं स्टिअरिंग हळूहळू फिरवतोय.

"ओळखलं का, बाबा?"

"माझी गाडी मी ओळखणार नाही? गल्लीच्या तोंडापासून उलटा यायचो. मान धरायची रोज."

"मग सरळ का नाही यायचात? जागा होती की."

"सरळ आलो असतो तर आवाज कसा झाला असता? तुम्हाला तो गेमचा डबा लपवायला वेळ नको?"

दिपेशने उगाच स्पीकरची वायर तपासली. माझ्यासमोरचं सगळं पार्किंग धूसर झालं. सासूबाईंनी पदराने डोळे टिपले आणि लगेच आवाज चढवला, "काय बघत बसलीस? पुन्हा लाव. आणि सगळ्यांनी बसून ऐका."

तास वाचला!

अनुपमाला (सपनाने दुसऱ्या खेपेला नाव नीट सांगितलं) आता तोच पाळणा लागतो. दुपारी सासूबाई स्वतः लावतात. पंचाईत एवढीच की खाली कुणीही गाडी रिव्हर्स घेतली की ही जिथे असेल तिथे पेंगते, अगदी आंघोळ घालतानाही! आणि आमच्या खिडकीतून पाळणा सुरू झाला की खालून खंडू मुद्दाम ओरडतो, "येऊ द्या, येऊ द्या... बस्स!"

तो "बस्स" म्हणाला की माझा हात अजून आपोआप भूगोलाचं पुस्तक शोधतो.