आगाऊ दुखणं

विश्राम राऊत यांनी महिनाभराची गुडघेदुखी एका बैठकीत उरकली, तेव्हा तीन तारीख होती. तारापूरच्या कारखान्यात बत्तीस वर्षं हेडक्लार्की केलेल्या माणसाला रोज एकेक ओळ लिहिणं जिवावर यायचं. बोईसरच्या एका इस्पितळात संधिवातावर संशोधन चाललं होतं. रुग्णांनी रोज वही भरायची : आज किती दुखलं, शून्य ते दहा.

"अहो, पुढच्या आठवड्यात किती दुखणार ते आत्ताच कळलं?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"दुखणार तर आहेच ना! सोमवारी सात, रविवारी चार. सरासरी बरोबर येते."

आदल्या महिन्याची त्यांची स्वच्छ वही पाहूनच संशोधन करणाऱ्या डॉक्टर हेतल यांनी त्यांना समितीत घेतलं होतं. काय तपासायचं, उपचार कसे द्यायचे, हे ठरवताना रुग्णही हवेत, असं डॉक्टरांचं म्हणणं. दुसऱ्या सभासद मुरबे गावच्या सुगंधाबाई, मासळी विकणाऱ्या, बोटं वाकलेल्या. बैठक अठ्ठावीस तारखेला होती. विश्रामरावांनी तीही वहीत भरून टाकली.

पण बैठक एकोणीसवर आली. विश्रामराव कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले. पालघरहून दोन अधिकारीही आले होते.

"काका, वही द्या ना जरा. वही कशी भरावी ते सगळ्यांना दाखवते," असं म्हणत डॉक्टरांनी त्यांच्या हातातली वही काढूनसुद्धा घेतली. क्षणात पानं समोरच्या पडद्यावर झळकली.

विश्रामराव खाकरले. "डॉक्टर, आधी चहा घेऊ या."

"येतोय, काका."

"मग पंखा तरी..."

"चालूच आहे."

वही ओढून घ्यावी म्हणून ते उठायला गेले, तर गुडघा जागच्या जागी अडकला. पडद्यावर आजच्या रकान्यात लिहिलेलं होतं : 'दुखणं दोन. जिना सहज चढलो.'

डॉक्टरांनी कौतुकानं पान उलटलं आणि त्या थबकल्या. चष्मेवाल्या अधिकाऱ्यानं मात्र मोठ्यानं वाचलं, "अठ्ठावीस. बैठकीत मुद्देसूद बोललो. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. दुखणं एक." मग त्यानं घड्याळात पाहिलं. "आज एकोणीसच ना?"

विश्रामरावांचे कान तापले. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या हजेरीवर लाल शेरे मारलेला हा माणूस खुर्चीला धरून अर्धवट उभा होता. धड बसता येईना, धड पळता येईना.

"चुकलं माझं," ते पुटपुटले. "सगळं तीन तारखेलाच लिहिलं."

"लाजता कशाला?" सुगंधाबाई म्हणाल्या. "माजी वही नात लिवते. रोज पाच टाकते. तिला पाच आवडतो. मला पेन धरवत नाय, मी काय लिवू?"

डॉक्टर मटकन खाली बसल्या. "म्हणजे दोन महिन्यांचे आकडे..." मग वही मिटत म्हणाल्या, "तुम्हीच सांगा, काय विचारलं तर खरं लिहाल?"

"किती दुखतं ते नका इचारू. काय करवत नाय ते इचारा. मला चोळीचा हूक लागत नाय. रोज सुनेला हाक मारायची लाज वाटते."

सगळे विश्रामरावांकडे पाहू लागले. आता गप्प राहिलं तर तेही खोटंच ठरणार होतं.

"मला संडासात बसलं की उठता येत नाही," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "मंजुळा येऊन उठवते. पाच महिने झाले. वहीत त्याला रकाना नव्हता." मग आणखी हळू म्हणाले, "असता तरी मी भरला नसता."

कोणी हसलं नाही. डॉक्टर लिहीत राहिल्या. त्या दिवशी जुनी वही रद्द झाली आणि दोघा रुग्णांनी मिळून चारच प्रश्न ठरवले.

पुढच्या महिन्यात विश्रामराव तपासणीला गेले, तर नवा कागद प्रत्येक रुग्णाच्या हातात होता. पहिलाच प्रश्न : 'शौचाला बसल्यावर आधाराशिवाय उठता येते का?' आणि खाली, डॉक्टरांनी कृतज्ञतेनं छापलेलं : 'प्रश्न सुचवणारे – श्री. विश्राम राऊत, सालवड.'

ते तोंड लपवून मागे वळले, एवढ्यात बाकावरचा एक दांडगा गृहस्थ भिंतीला धरत उठला.

"राऊतसाहेब तुमीच ना?"

"हो," विश्रामराव मेल्याहून मेल्यासारखे होऊन म्हणाले.

गृहस्थानं इकडेतिकडे पाहून त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "तुमाला कोन उठवतं?"

"बायको."

"नशीबवान हाय तुमी," तो म्हणाला. "मला जावई उठवतो."