आजचा दिवस चुका काढू नका

सातवीच्या गणिताच्या बाई फळ्यावर रोज मुद्दाम एक चूक करायच्या. ती पकडेल त्याने खडू घ्यायचा आणि उरलेलं गणित सोडवायचं, असा वर्गाचा शिरस्ता होता. पण आज तपासणीला साहेब येणार होते आणि बाईंची नोकरी कायम होणार की नाही, हे त्यांच्या शेऱ्यावर होतं. म्हणून बाईंनी सकाळीच बजावलं, की आज मी चूक करणार नाही आणि तुम्हीही काढायची नाही. पहिल्या बाकावरच्या, वर्ग जिला 'वकीलबाई' म्हणायचा त्या मुलीला ते दोनदा सांगावं लागलं.

साहेब मुख्याध्यापकांसह मागच्या बाकावर येऊन बसले. बाईंनी गणित मांडलं, आणि धास्तीत कंस सोडवताना अधिकच्या जागी उणे पडलं. वर्गाला ते दिसलं. वर्ग गप्प राहिला. पोरं एवढी शहाण्यासारखी वागली ती नेमकी नको तेव्हा.

उत्तर आलं, पण ताळा जुळेना. बाईंनी पुन्हा करून पाहिला, तरी जुळेना. मुख्याध्यापक छताकडे बघू लागले.

"बाई, दुसऱ्या ओळीतलं चिन्ह बघा," शेवटी साहेबच म्हणाले.

चूक पकडली म्हटल्यावर वकीलबाई सवयीने उठली आणि साहेबांच्या हातात खडू देऊन आली. साहेबांना नाही म्हणता येईना. त्यांनी ऐटीत चिन्ह दुरुस्त केलं, पुढचं समीकरण सोडवायला घेतलं, आणि एकवीस पलीकडे नेताना त्याचं चिन्ह बदलायला विसरले.

वर्ग पुन्हा गप्प. बोललं तर नोकरी जाते, न बोललं तर चुकीचं गणित सगळ्या वर्गाच्या डोक्यात बसतं. त्यांनी डोळे मिटून पाहिले, तरी ते एकवीस समोरून हलेना. त्यांचा हात वर गेला.

"साहेब, एकवीसचं चिन्ह."

साहेबांनी फळ्याकडे पाहिलं. मग वर्गाकडे वळून विचारलं, "तुमच्यापैकी कुणालाच दिसलं नाही?"

"सगळ्यांना दिसलं," वकीलबाई म्हणाली. "पण आज चूक काढायची नाही, असं बाईंनी बजावलंय."

"मग त्यांनी कशी काढली?"

"त्यांना राहवत नाही, सर."

मुख्याध्यापकांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. साहेब बाईंच्या हातात खडू ठेवून पहिल्याच बाकावर, वकीलबाईला जरा सरकायला सांगून बसले.

"यांना कायम करून टाका," ते मुख्याध्यापकांना म्हणाले. "आणि चहा उशिरा सांगा, माझं गणित राहिलंय."