निरोप्या कोण?

हातात हिरवी मिरची घेऊन कोणी दारात उभं राहिलं, तर ते इंगळे मास्तर आहेत हे आमच्या आळीत न बघता ओळखू यायचं. मिरची ते मागायला येत नसत, द्यायलाही नसत. ती समोरच्याला चावायला लावत. मग त्याच्या डोळ्यांकडे टक लावून बघत, आणि पाणी आलं की विचारत, “खाल्ली जिभेनं. मंग डोळ्याले कोनं सांगतलं? निरोप्या कोन?”

आमच्या हिच्यावर हा प्रयोग एकदाच झाला.

“भाऊजी, मिरची तुमी खा, मी मोजते,” ती म्हणाली. मास्तरांनी खाल्ली. हिने अठरापर्यंत मोजलं आणि त्यांचे डोळे वाहू लागले.

“निरोप्या कोन?” त्यांनी तशातही विचारलं.

“शेजारीण असंल एखादी. ह्या आळीत दुसरं कोन सांगते?”

मास्तर हसले, पण उत्तर त्यांना चाललं नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मास्तर देऊळगाव राजाच्या हायस्कुलात शास्त्र शिकवत. मी जमीन मोजणीच्या कचेरीत होतो. त्यांच्या पत्नी यशोदावहिनी दीड वर्षापासून अंथरुणावर होत्या. उजवं अंग लुळं पडलं होतं, वाचाही गेली होती. मूलबाळ नव्हतं. स्वयंपाक, धुणं, वहिनींची वेणी, सगळं मास्तर करत आणि मग शाळेत जात. त्यामुळे त्यांच्या वर्गाच्या हजेरीपटावर हळदीची बोटं उमटलेली असत.

मास्तरांचं म्हणणं असं, की झाडाच्या अंगात निरोप नेणारा एक रस असतो. आढीत एक आंबा पिकला की बाकीचे पिकायला लागतात, म्हणजे त्यांना कोणीतरी सांगतं. हे पडताळायला त्यांनी माझ्या सासऱ्यांची आढी दोनदा उपसली. नंतर त्यांनी वनस्पती तुपाच्या पाच रिकाम्या डब्यांत लाजाळू लावली. तिचा देठ ठेचून, पाण्यात कालवून, गाळून ते दुसऱ्या डहाळीला पाजत, आणि हात न लावता ती डहाळी मिटली की आळीभर सांगत सुटत. त्या रसात नेमकं काय आहे हे शोधायला त्याचा थेंब टिपकागदाच्या पट्टीवर टाकून पट्टीचं टोक स्पिरिटात बुडवत. रस वर चढताना त्याचे हिरवे, पिवळे पट्टे वेगळे होत. अशा पट्ट्या दोरीवर वहिनींच्या लुगड्याशेजारी वाळत असायच्या. सहामाहीच्या परीक्षेत शाळेत टिपकागद उरला नाही. हेडमास्तरांनी लेखी खुलासा मागितला, तेव्हा मास्तरांनी त्याच्या पाठीमागे एक पट्टी डकवून दिली.

पण त्यांचा खरा प्रयोग वेगळा होता. लाजाळूचा देठ मधोमध कापायचा. दोन तुकड्यांमध्ये पाण्याने भरलेली काचेची बारीक नळी बसवायची आणि सांधे मेणाने बंद करायचे. वरची पानं पुन्हा उघडेपर्यंत थांबायचं. मग खालच्या पानाला पेटती काडी लावायची. वरचं पान मिटलं, तर निरोप पाणी ओलांडून गेला.

“काळेभाऊ, साक्षीले तुमी या,” ते मला म्हणाले. “तुमच्यापाशी सेकंदाच्या काट्याचं घड्याळ हाये. अन् तुमी खोटं मांडत नाही.”

मी दर रविवारी सकाळी जाऊ लागलो. वहीत रकाने आखले. पहिल्या पाच वेळा मी ‘नाही’ लिहिलं. कधी नळीत हवेचा बुडबुडा, कधी मेण सुटलेलं. सहाव्या वेळी वरचं पान मिटलं. मास्तर उठून उभे राहिले. मी लिहिलं, ‘वाऱ्याने.’

“वारा कुठी हाये?”

“तुमीच आता फुंकर सोडली.”

मास्तर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी आले. मिरची नव्हती.

“तुमी बरोबर होते,” ते म्हणाले. “तुमालेच काऊन बोलावतो मी? हेडमास्तर तर दयेनं ‘झालं’ म्हनून टाकीन. दयेचा ‘हो’ मले नाही पाहिजे.”

अकराव्या रविवारी गेलो तर वहिनींची बाज ओसरीवर आणलेली होती. पाठीशी लोड, कपाळावर कुंकू, वेणी थोडी वाकडी. नळी बसवून झाली होती. पानं उघडायची वाट बघताना मास्तर सांध्यावरचं मेण दाबत म्हणाले, “जालन्याचा डाक्टर म्हने, डोकं निरोप पाठवते, पन मधात वाट तुटली, हाताले पोचत नाही. मी इचारलं, दुसरी वाट नसते काय? तो म्हने, पुस्तकात नाही.”

दीड वर्षात हे ते पहिल्यांदाच बोलले. मी वारा कळावा म्हणून झाडाशेजारी उदबत्ती लावली. धूर सरळ वर जात होता. मास्तरांनी रुमाल तोंडाला बांधला आणि काडी ओढून खालच्या पानाला लावली.

तीस सेकंद. पन्नास. साठ. मग नळीच्या वरचं पहिलं पान खाली झुकलं आणि त्याची पाती जोडीजोडीने मिटत गेली. धूर सरळच होता. मी लिहिलं, ‘बहात्तर सेकंद. हो.’

मास्तरांनी वही घेतली, दोनदा वाचली आणि वहिनींपुढे धरली.

“पाह्य, यशोदे. वाट कापली तरी निरोप जाते. टाइम लागते फक्त.”

ते बाजेच्या कडेला बसले. वहिनींचा उजवा हात त्यांनी मांडीवर घेतला आणि पहिलं बोट हलकेच दाबलं.

“काळेभाऊ, घड्याळ पाहा.”

मी पाहू लागलो. काट्याचा एक फेरा झाला. मग दुसरा. बोट हललं नाही. मास्तर बोटाकडे बघत होते, वहिनी मास्तरांकडे. चौथ्या फेऱ्यात वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि गालावरून खाली उतरलं.

मास्तरांनी मान वर करून पाहिलं. गावभर विचारलेला तो प्रश्न त्यांनी त्या दिवशी विचारला नाही. डाव्या हाताने धोतराचा सोगा घेऊन त्यांनी वहिनींचा गाल पुसला. उजव्या हातातलं बोट सोडलं नाही.

“किती झाले?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

वही माझ्याकडे परत आली होती. रकाना मोकळा होता. ‘हो’ मला लिहिता येत नव्हतं. ‘नाही’ लिहायला पेन उचलेना. आमच्या कचेरीत शेताच्या चारही बांधांवरून साखळी फिरून झाल्याशिवाय आकडा टाकत नाहीत, तोवर एक शेरा लिहून ठेवतात.

तोच मी लिहिला: ‘मोजणी चालू.’