मासे नसलेली टाकी

उदगीर यंदा जिल्हा होणारच, याबद्दल ईश्वरप्पांना तिळमात्र शंका नव्हती. जिल्हा झाला की साहेब लोक येणार, आले की आपल्याच लॉजवर उतरणार आणि काउंटरवर समुद्राचे मासे पाहून तोंडात बोट घालणार! म्हणून त्यांनी हैदराबादेहून काचेची टाकी आणली. साल दुष्काळाचं, नळाला पंधरा दिवसांनी पाणी. तरी विकतचे जार ओतून टाकी भरली आणि त्यात समुद्री मीठ कालवलं.

दुकानदारानं बजावलं होतं, "मासे लगेच सोडू नका. चाळीस दिवस बिनमाशांची टाकी पंप लावून चालू ठेवा. रोज चिमूटभर खाणं टाका. पाणी आधी खराब झालं पाहिजे. मग त्यात जंतू होतात, तेच घाण खाऊन पाणी साफ करतात."

ईश्वरप्पांनी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

आठव्या दिवशी बायको, रत्नम्मा, मागे येऊन उभी राहिली.

"कोणाला चारून राहिलात?"

"कोणालाच न्हाई."

"मंग?"

"पाणी खराब करून राहिलो."

रत्नम्मानं त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

टाकीतलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेऊन दुकानदारानं तपासणीसाठी दिलेल्या औषधाचे दोन थेंब टाकले, तर ते गर्द हिरवं झालं; हिरवं म्हणजे खराब, पिवळं म्हणजे साफ. "लई खराब झालंय पाणी," ईश्वरप्पा खुशीत म्हणाले. समोर खोली घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकानं बॅग उचलली आणि शेजारचं लॉज गाठलं.

गल्लीत मात्र वेगळीच बोंब उठली. ईश्वरप्पानं माशांच्या नावाखाली पाणी दडवलंय, मासा तर एकही न्हाई! तक्रार गेली. पालिकेचा वीरभद्र कागद घेऊन हजर झाला, मागे घागरी घेऊन बायका.

"मासे कुठंयत, अप्पा?"

"आणायचे हाईत. पाणी तयार होऊन राहिलंय."

"पाणी तयार करतेत का कुठं? वाटून टाका."

समोरच्या घरातल्या नागाबाईनं टाकीतलं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि तिथंच थुंकलं. "बया बया! कोणी पिऊ नये म्हणून मीठ घातलंय मेल्यानं!"

वीरभद्र चक्रावला. पाणी आहे म्हणावं तर पिता येत नाही, मासे म्हणावे तर दिसत नाहीत. शेवटी त्यानं झाकणावर कागदी सील ठोकलं. "वरून हुकूम येईस्तोवर हात लावायचा न्हाई."

हुकूम यायला महिना गेला. टाकीतला पंप तेवढा बिचारा फिरत राहिला. सील निघाल्यावर ईश्वरप्पांनी पुन्हा नळीत थेंब टाकले. पाणी पिवळं! म्हणजे साफ. कसं झालं, कोणाला विचारावं? कोणी काहीच केलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी हैदराबादेहून मासे आले. केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचे. बघायला सगळी गल्ली लोटली. नागाबाईनं काचेला नाक लावलं, बोटानं मोजलं, पुन्हा मोजलं.

"दोनच?"

"सध्या दोनच," ईश्वरप्पा ऐटीत म्हणाले. "यांना पाणी लई लागतं."

"आमी सात जण हाव," नागाबाई म्हणाली. "दोन घागरीत भागवताव."

ईश्वरप्पा काचेवर नसलेली धूळ पुसत राहिले.