घरात काय मोडतं?

आमच्या गल्लीत दहावी-बारावीचा निकाल लागला की पोरं भगवानतात्यांकडे पेढे न्यायला कचरतात. तात्या पेढा तोंडात टाकतात, मार्कांकडे ढुंकूनही बघत नाहीत आणि विचारतात, "ते ऱ्हाऊ दे. तुमच्या घरात काय काय मोडतं?"

नळ गळतो म्हटलं, तर प्लंबिंग शिक. आजीला शुगर आहे म्हटलं, तर नर्सिंग. केजमध्ये महागाईवर बोलणारे पुष्कळ आहेत, पण पोटची पोरं महागाईच्या अंगावर सोडणारे तात्या एकटेच. "कमवायला समदेच शिकवतेत. पैसा उंबऱ्याभाईर जाऊ कसा द्यायचा न्हाई, ते कोन शिकवतं?" एसटीत कंडक्टर असल्यापासूनचा हा त्यांचा सवाल.

थोरल्या सचिनला त्यांनी आयटीआयला वायरमन केलं, मनीषाला नर्सिंगला घातलं आणि धाकट्या आकाशला फ्रिज-एसीच्या कोर्सला. घरात तेव्हा फ्रिज नव्हता. "पोरगं शिकू द्या, मग घेऊ," तात्या म्हणाले.

या शिकाऊ हातांखाली सापडले मात्र तात्याच. सचिननं पहिल्याच वर्षी घराचं वायरिंग बदललं, तर न्हाणीतला दिवा लावला की दारावरची बेल वाजायची. तात्यांच्या आंघोळीची वेळ गल्लीला पाठ झाली. मनीषा सुई टोचायला शिकली ती त्यांच्याच दंडावर. सुजलेला दंड दाखवत तात्या हिंडायचे, "फुकटात झालं, सर!" मी साधा शाळामास्तर, त्यात फुकट काय होतं ते मला कळायचं नाही.

पोरं हुशार निघाली, चांगली कामाला लागली आणि इथंच तात्यांचा अंदाज चुकला. सचिन चाकणला कारखान्यात, मनीषा संभाजीनगरला दवाखान्यात, आकाश पुण्याला. तिथल्या घरभाड्यापायी तिघंही ओव्हरटाइम करतात. तात्यांची बायको, आमच्या काकू, वारल्यापासून केजच्या घरात तात्या एकटे.

परवा भर उन्हात गेलो, तर बंद पंख्याखाली पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेले.

"तात्या, चौकातला वायरमन बोलवा की."

"सोताचा वायरमन असताना भाड्याचा आनू? सचिनला फोन केलता. त्यो म्हनला, दुसरा मानूस बोलवा, पैसे धाडतो." मग पुठ्ठा हलवत म्हणाले, "पैशाचं काय न्हाई, सर."

तात्यांच्या तोंडून हे ऐकून मी चरकलोच. मेन स्विच बंद केला, स्टूल ओढलं आणि वर चढलो. पंख्याची वायर तुटलेली नव्हती. कुणीतरी नीट सोडवून, टोकांना पट्टी गुंडाळून ठेवली होती.

"तात्या, ही कशाला काढली?"

"समदं नीट हाय म्हनलं की पोरं 'बरं मग, तात्या' म्हंतेत अन् फोन ठिवतेत. घरात काई मोडलंच न्हाई, तर येतील कशाला?"

तेवढ्यात माझाच फोन वाजला. सचिन होता. "सर, तात्यांचा पंखा खरंच बिघडलाय का? रजा मिळंना गेलीय. पण खरंच असंल, तर काढतो कशीबशी."

स्टुलावरूनच मी म्हणालो, "लई बिघडलाय, बाबा. न्हाणीतला नळही गळायलाय. त्या दोघांनाही घेऊन ये."

फोन ठेवून खाली उतरलो. नळ ठणठणीत होता, हे मलाही माहीत होतं आणि तात्यांनाही.

तात्या उठले आणि पाना शोधायला आत गेले.