दहानं गुणणारे सर

आमच्या कवठे महांकाळात चुकीचं गणित एवढ्या मोठ्या आवाजात सांगणारा माणूस एकच, मोहिते सर. आणि तेही जन्मभर हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले.

माझं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान बोळात आहे आणि सरांचं घर बरोबर समोर. मधली वाट इतकी अरुंद, की त्यांच्या खिडकीतल्या फोडणीनं माझ्या गिऱ्हाइकाला ठसका लागतो. सकाळी मी शटर वर केलं की सर हजर. घ्यायचं काही नसतं. एखादी वस्तू उचलायची, तिच्यावरचे अँपिअर वाचायचे आणि जुन्या मापात करायचे. सरांच्या कॉलेजच्या काळात पुस्तकांत अब-अँपिअर नावाचं एकक होतं. दहा अँपिअर म्हणजे एक अब-अँपिअर. आता त्याला कुणी कुत्रं विचारत नाही. सर मात्र लाडानं त्याला ‘अब’ म्हणतात.

“रफिक, हे सॉकेट सोळा अँपिअरचं. म्हंजे किती झालं? एकशे साठ अब!”

हे सांगायचं मला, पण तोंड खिडकीकडे. आणि खिडकीतून लगेच बाईंचा आवाज यायचा, “आवं, एक पूर्णांक सहा! दहानं भागायचं. गुणताय कशाला?”

“चुकलं बाई,” म्हणून सर कान पकडायचे. गिऱ्हाइकं हसायची.

बाई म्हणजे सरांच्या पत्नी, सुमनबाई. त्याही विज्ञानाच्याच शिक्षिका. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. त्या दोघांची ओळखच मुळी या चुकीतून झाली. प्रात्यक्षिक परीक्षेला दोघं वेगवेगळ्या शाळांतून परीक्षक म्हणून आले होते. सरांनी फळ्यावर अँपिअरचे अब करताना दहानं गुणलं आणि बाईंनी सगळ्या पोरांसमोर त्यांना खडू खाली ठेवायला लावला. “तवाच ठरवलं, लगीन करायचं तर हिच्याशीच,” असं सर सांगतात.

ते सगळं गोड असेल. पण धंदा माझा होता. एकदा एक शेतकरी विहिरीवरच्या मोटारीसाठी मेन स्विच घ्यायला आला. तीस अँपिअरचा स्विच मी काढून दिला, तर सर मध्येच गरजले, “तीनशे अब!” शेतकऱ्यानं स्विच निखाऱ्यासारखा खाली ठेवला. “नगं गड्या. तीनशे माझ्या मोटारीला झेपायचे न्हाईत,” म्हणून तो चालता झाला. नेमकं त्या दिवशी खिडकीतूनही काही आलं नाही. सर बराच वेळ तिकडे बघत उभे राहिले. मी मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांची आठवण काढली.

त्यानंतर मी ठरवलं, आता ऐकून घ्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी पाच अँपिअरची पिन उचलली. “पन्नास अब!” बाईंच्या आधीच मी बोललो, “सर, अर्धा. दहानं भागायचं.”

सरांचा चेहरा असा पडला, की मला वाटलं माझ्याकडून काही फुटलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला दुकानाच्या आत, वायरच्या बंडलांमागे नेलं.

“तू बोलू नगंस रं,” ते हळू म्हणाले. “मला काय भागाकार येत न्हाई व्हय? ती सगळं इसराय लागलीया. पोराचं नाव गेलं. भाजीत मीठ घातलं का न्हाई, ते गेलं. पर माझी चूक तिला अजून घावती. म्हणून रोज करतो. ती मला सुधारती तवर ती हाय, असं धरून चालतो मी.”

मी उगाच बंडलं सरळ करत बसलो. त्या दिवसापासून मीच पेटीतून रोज नवी वस्तू काढून त्यांच्या हातात द्यायला लागलो, आणि कुणी गिऱ्हाईक शहाणपणा करायला गेलंच, तर त्याच्यावर डोळे वटारायला लागलो.

खिडकी मात्र गप्प होत गेली. आधी उशिरा बोलायची, मग एक दिवसाआड. सर आवाज चढवत गेले. बोळातली माणसं म्हणायची, म्हातारं खुळावलं.

परवा दुपारी वीज गेली होती. सरांनी दहा अँपिअरचा स्विच घेतला. “शंभर अब!” खिडकीत कोणी नव्हतं. ते पुन्हा ओरडले. आवाज फाटला. मग समोरचं दार उघडलं आणि बाई उंबऱ्यावर आल्या. पदर नीट घेतला. सरांकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

“कोण पायजे आपल्याला?”

सरांनी स्विच माझ्या हातात दिला. “काय न्हाई बाई. हिशेब इचारायचा हुता. दहा अँपिअर म्हंजे किती अब?”

“ते आमच्या सरांना विचारा. शाळेतनं येतीलच आता.” बाई आत वळल्या, मग थांबल्या आणि ओळखीचं हसल्या. “पण त्यांनी सांगितलं तरी तपासून घ्या हं. ते दहानं गुणत्यात.”

सरांनी दोन्ही कान पकडले. “व्हय बाई,” ते म्हणाले, “तपासून घेतो.”